‘तेल आहे,’ बाबा म्हणाले होते

परवा आमच्या कंपनीची वार्षिक सभा झाली. आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांनी शेअर घेऊन ठेवले म्हणून आमची. एक लहानशी तेल कंपनी, बडोद्याजवळच्या सावली तालुक्यात तिची एक तेलविहीर, आणि त्या विहिरीची वाट बघताना केस पांढरे झालेले आम्ही भागधारक. सभा माझ्या डायनिंग टेबलावरच झाली. मी लॅपटॉप उघडला, वरच्या मजल्यावरचे मास्तरकाका चष्मा पुसत खाली आले, खुर्ची ओढून बसले आणि सभेतला पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारला, "पाकीट कुठाय?"

पाकीट मी आधीच भरून ठेवलं होतं. कचोरी, पात्रा म्हणजे आपली अळूवडी, वेफर आणि एक पेढा. पूर्वी सभा खरोखर भरायची तेव्हा हॉलच्या दाराशी प्रत्येकाच्या हातात असं पाकीट पडायचं. आता सभा पडद्यावर भरते, त्यामुळे पाकीट करायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीने निदान तेवढं तरी पाठवावं असं मला दरवर्षी वाटतं, पण कंपनीकडून काही अपेक्षा ठेवण्याची सवय मी आता सोडली आहे.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा इथलं मराठी ऐकून गोंधळायची. सासूबाई म्हणाल्या, "बारी उघड," तर मी दार उघडलं. बारी म्हणजे खिडकी हे नंतर कळलं. बडोद्यात माणसं दोनच ठिकाणी वेळेच्या आधी पोचतात, पंगतीला आणि कंपन्यांच्या सभेला, हेही नंतर कळलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, सभेहून येताना स्वतःचं पाकीट न उघडता माझ्यासाठी आणत. "सूनबाई, तुझा डिव्हिडंड," म्हणून टेबलावर ठेवत. खरा डिव्हिडंड त्या कंपनीने कधी दिला नाही, पण कचोरी मात्र फार चांगली असायची.

बाबा रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होते. कच्चं तेल तपासण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. तपासायला यंत्रं होतीच, पण बाबा आधी वास घेत आणि मग यंत्राला विचारत. घरीही तसंच. भाजीवाल्याच्या गाडीवर कोथिंबीर उचलून नाकाशी धरत आणि "कालची आहे" म्हणून परत ठेवत. वरण फोडणीला टाकलं की बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "हिंग बदललास?" मला सुरुवातीला राग यायचा. स्वयंपाकघरावर कोणी पहारा ठेवल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे त्यांनी विचारलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच काळात ही कंपनी शेअर विकायला बाजारात आली. सावलीच्या पुढे एका गावाच्या शिवारात कोणीतरी पूर्वी खोदून सोडून दिलेली विहीर तिने घेतली होती. गुंतवणूक करू पाहणाऱ्यांना एक दिवस बसने तिथे नेलं. बाबा आणि मास्तरकाका दोघेही गेले. तिथे एका काचेच्या बाटलीत विहिरीतून काढलेलं थोडं तेल होतं. बाकीचे लोक फोटो काढत होते. बाबांनी बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ती नाकाशी धरून उभे राहिले.

पुढच्या उत्तरायणाला आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी निकाल दिला. उत्तरायण म्हणजे आपली संक्रांत, पण इथे त्या दिवशी कोणी खाली घरात नसतं. सगळं शहर गच्चीवर. एका कोपऱ्यात आम्ही मराठी घरं तिळगूळ वाटतो, दुसऱ्या कोपऱ्यात गुजराती घरं उंधियूचं पातेलं उघडतात, आणि दुपारपर्यंत कोणाचं काय ते राहत नाही. बाबांना पतंगात रस नव्हता. ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. कोणीतरी विचारलं, "काय काका, त्या तेलवाल्यांचं काय? घ्यायचे का?"

बाबा म्हणाले, "तेल आहे."

मग कोणी न विचारताच त्यांनी वर्णनही केलं. "वरवर घासलेट. त्याच्याखाली नवी चामड्याची चप्पल. आणि अगदी तळाला जरा भाजलेली मेथी. गंधक नाही. गंधक नसलं की तेल गोड." हे त्यांनी उसाच्या रसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. कंपनीने जाड पुस्तकासारखा अहवाल छापला होता. त्यात जमिनीचे थर, नकाशे, धोके, सगळं होतं. आमच्या सोसायटीत तो कोणी उघडला नाही. बाबांच्या नाकाने हो म्हटलं होतं, एवढं पुरे झालं. घरोघरी थोडे थोडे शेअर घेतले गेले. त्याच भरात बाबा एक वाक्य जास्तीचं बोलून गेले. म्हणाले, "ज्या वर्षी पहिला टँकर निघेल, त्या वर्षीचं उंधियू विहिरीवर. माझ्याकडून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेल जमिनीत होतं, पण जमीन आणि रस्ता यांच्यामध्ये गाव होतं.

झालं असं, की विहिरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत टँकर न्यायचे तर वाट गावाच्या गौचरातून, म्हणजे आपल्याकडच्या गायरानातून जात होती. गौचराला हात लावायचा तर पंचायतीचा ठराव हवा. ठराव झाला की तालुका, तालुक्यानंतर जिल्हा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. आम्हाला कोणी सहा महिने म्हटलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. सरपंचांचं म्हणणं होतं, "मोटी गाडीओ तळावनी पाळ तोडी नाखशे." जड गाड्यांनी तळ्याचा बांध खचेल, आधी रस्ता बांधून द्या, मग ठराव. हे मला तरी चूक वाटलं नाही. तळं त्यांचं होतं, गुरं त्यांची होती. कंपनी म्हणे, आधी ठराव द्या, मग रस्ता. कोणी आधी पाय उचलायचा यात वर्षं गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय.

आणि कंपनीचे साहेब. माणूस गोड होता, ते कबूल करायला हवं. सभेला दाराशी उभे राहून प्रत्येकाला "जय श्री कृष्ण" म्हणत, म्हाताऱ्यांचा हात धरून खुर्चीपर्यंत नेत. मग व्यासपीठावर चढून सांगत, "बस, त्रण महिना." तीन महिने. दरवर्षी तीनच. बाबा हसून म्हणत, "याच्या घरच्या कॅलेंडरला चौथा महिना नाही." पण हसणं हळूहळू कमी होत गेलं. कारण सभेहून परतताना सोसायटीच्या फाटकात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय काका, उंधियू कधी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसे. बाबा "या वर्षी नक्की" म्हणत आणि जिना चढताना एकदम थकल्यासारखे दिसत. पैशाचं त्यांना फारसं काही नव्हतं. आपल्या शब्दावर शेजाऱ्यांनी घेतलं आणि शब्द तसाच लोंबकळत राहिला, हे त्यांना टोचत होतं. रात्री जेवताना अधूनमधून आपल्याशीच म्हणत, "तेल तर आहे." जणू मीच नाही म्हटलं होतं.

आता मास्तरकाकांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते इथल्याच एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे आजोबा संस्थानाच्या काळात महसूल खात्यात होते, आणि त्या घरात एक श्रद्धा पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. काही लोकांची देवावर असते तशी यांची अर्जावर. नीट लिहिलेला अर्ज वाया जात नाही, असं काकांचं ठाम मत. नळाला पाणी कमी आलं तर शेजारी प्लंबरला फोन करतात, काका कागद घेतात. बाबा आणि ते रोज सकाळचा चहा एकत्र घ्यायचे. पातेल्यात चहा उकळला की बाबा जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्लीने टक्‌टक् वाजवत, आणि वरून चपलांचा आवाज सुरू होई. सभेतही दोघे शेजारी बसत. काका उभे राहून अस्खलित इंग्रजीत प्रश्न विचारत, साहेब मान डोलावून म्हणत, "सर, युवर पॉइंट इज नोटेड." मग काका खाली बसत आणि कचोरी उघडत.

एका सभेनंतर काका घरी आले ते पाकीट न उघडताच. म्हणाले, "बस झालं नोटेड. आता जिल्ह्याला अर्ज."

तो अर्ज आमच्याच टेबलावर तयार झाला. आधी मराठीत, कारण काकांना विचार मराठीत करता येतात. मग गुजरातीत, कारण कचेरी गुजरातीत चालते. मग इंग्रजीत, कारण वर कुठे गेला तर असावा. टायपिंग माझ्याकडे. माझी नोकरी मांजलपूरच्या शाळेत; तिथून स्कूटरने घरी पोचले की दोघे माझी वाट बघत बसलेले असायचे. एका वाक्यावर एक संध्याकाळ गेली. ‘विलंब’ लिहावा की ‘दिरंगाई’. काका म्हणाले, "विलंब निसर्गाने होतो, दिरंगाई माणूस करतो. दिरंगाई लिही." कंपनी आणि पंचायत, दोघांच्याही दिरंगाईची चौकशी व्हावी, अशी शेवटी नम्र विनंती. खाली सोसायटीतल्या सगळ्या भागधारकांच्या सह्या. खरंच सुंदर अर्ज होता. मी आजही म्हणेन, इतकं स्वच्छ गुजराती त्या कचेरीत फार दिवसांत आलं नसेल.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्याच सुमारास, आम्हाला पत्ता नसताना, गावात तोडगा निघाला होता. अर्धा रस्ता कंपनीने बांधायचा, बाकीचा पंचायतीने. ठराव झाला होता आणि फाईल जिल्ह्यात शेवटच्या सहीसाठी पडली होती. आमचा अर्ज पोचला. तो इतका व्यवस्थित होता, की कोणालाही तो बाजूला सारता आला नाही. चौकशीचा आदेश निघाला. आणि चौकशी चालू असलेल्या प्रकरणावर सही करायची नसते, हे हेडमास्तरांच्या घराण्यात कोणालाच आठवलं नाही. फाईल परत खाली गेली.

हे आम्हाला कळलं ते भर सभेत. साहेबांनी माईक हातात घेतला आणि नेहमीच्याच गोड आवाजात सांगितलं, "काम थई गयुं हतुं. पण आपणा ज शेरहोल्डर भाईओए अरजी करी." काम झालंच होतं, पण आपल्याच भागधारकांनी अर्ज केला. मी त्या वर्षी पहिल्यांदाच बाबांबरोबर गेले होते. सगळा हॉल मागे वळून बघायला लागला. इतक्या वर्षांची स्वतःची दिरंगाई त्या माणसाने एका वाक्यात काकांच्या पदरात टाकली, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. मला त्याचा इतका संताप आला की मी उभी राहिले. बाबांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

काकांनी त्या दिवशी पाकीट घेतलं नाही. बाबांनी दोन घेतली. जिन्यात बाबांनी एक पाकीट काकांपुढे धरलं तर ते म्हणाले, "तुझा शब्द मी बुडवला." बाबा म्हणाले, "अरे, बुडायला वर तर यायला हवा." त्यांना हसवायचं होतं. काका हसले नाहीत. वर गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा उकळला, बाबांनी कठड्यावर किल्ली वाजवली. वरून चपला वाजल्या नाहीत. पुढेही बाबा रोज वाजवत राहिले. काका शेजारच्या जिन्याने उतरून बागेत जाऊन बसत. सोसायटीत काही लोक त्यांना पाठीमागे ‘अर्जवाले’ म्हणू लागले होते आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं. शेवटी बाबांनी किल्ली वाजवणं सोडलं आणि चहात साखर घालणंही सोडलं. दोन्हींचा संबंध काय ते मी विचारलं नाही.

मग कोरोना आला. बाबांना झाला, पण घरातच निभावलं. ते मागच्या खोलीत एकटे असायचे, मी दारात ताट ठेवायची. एका सकाळी कठड्यावर टक्‌टक् ऐकू आलं. मी दचकलेच, बाबा तर पलंगावर होते. आवाज वरून येत होता. काका आपल्या दाराशी उभे राहून किल्ली वाजवत होते. आतून बाबांनी चमच्याने पलंगाच्या लोखंडी पायावर वाजवून उत्तर दिलं. मी हातातलं फडकं तोंडाला लावून स्वयंपाकघरात उभी राहिले. बाबा बरे होईपर्यंत दोघांचा हा चहा असाच, चहावाचून चालला.

बाबा बरे झाले. हिंडू लागले, चहाला काका येऊ लागले. एकदा मी दूध गॅसवर ठेवून गच्चीत कपडे वाळत घालायला गेले. बाबा ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. गच्चीच्या जिन्यातच मला करपल्याचा वास आला. धावत खाली आले तर घरभर धूर, पातेल्याचं बूड काळं, आणि बाबा पेपरातलं पान उलटत होते.

"बाबा, वास नाही का आला?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "येत नाही गं," म्हणाले. "बरा झालो तेव्हापासून काहीच येत नाही."

मला आठवलं, कितीतरी दिवसांत त्यांनी हिंगाचं विचारलं नव्हतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, जाऊन आलो, येईल म्हणाले, नाही आला. मग हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. मास्तरला तर अजिबात नको. सगळ्यांनी माझ्या नाकावर शेअर घेतलेत. आता नाकच गेलं म्हटलं तर लोक म्हणतील, कधी होतं तरी का." मी नाही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवसापासून मात्र फोडणी देताना मीच मोठ्याने म्हणायला लागले, "बाबा, आज हिंग नवा आहे हं." ते बाहेरून म्हणत, "कळलं, कळलं."

चौकशी संपली, तिच्यातून काही निष्पन्न झालं नाही. पंचायतीत नवे लोक आले, तोडगा पुन्हा जुनाच निघाला, रस्ता झाला आणि एका हिवाळ्यात खरोखरच पहिला टँकर निघाला. कंपनीने ईमेल पाठवलं. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. साहेबांना मी स्वतः फोन केला, की भागधारकांना विहीर बघायला कधी नेणार? ते म्हणाले, "बहेन, चोक्कस. त्रण महिना."

बाबांनी थांबायला नकार दिला. उत्तरायणाच्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, "मी शब्द दिलाय, कंपनीने नाही." पण सोसायटीत आता येणार कोण? कोणी मुलाकडे परदेशी गेले होते, कोणी वर गेले होते, उरलेल्यांचे गुडघे गेले होते. सणाच्या दिवशी गच्ची सोडून सावलीला कोण येतंय? शेवटी निघालो ते आम्ही चौघं. बाबा, मास्तरकाका, गाडी चालवायला माझा नवरा, आणि मांडीवर उंधियूचा मोठा स्टीलचा डबा घेऊन मी. पहाटे रांगेत उभं राहून आणलेलं, तेल वर तरंगणारं, डब्याबाहेर ठिबकून माझ्या साडीला डाग पाडलेलं.

फाटकाशी सुरक्षारक्षकाने अडवलं. "अंदर नहीं जवाय, काका." काकांनी खिशात हात घातला. मला वाटलं आता अर्ज निघतो. निघाला रुमाल. बाबांनी रक्षकाला फक्त सांगितलं, "आम्ही मालक आहोत, थोडे थोडे." तो हसला. आत सोडलं नाही, पण फाटकाशेजारच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकू दिली. तारांच्या कुंपणातून पंप दिसत होता. लोखंडी मान खाली घालायचा, वर करायचा. बाबा तो बघत उभेच राहिले. लहान मुलाला शाळेतून बाहेर येताना बघावं तसे. लांबच्या गावावर पतंग दिसत होते.

उंधियूचा वास आत गेला असावा, कारण ड्युटीवरचा मिशाळ ऑपरेटर बाहेर आला. मी त्याला आणि रक्षकाला द्रोण भरून दिले. बाबांनी त्याला सांगितलं, की मी रिफायनरीत होतो. तो आत गेला आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात थोडं तेल घेऊन आला. तपकिरी काळं, उन्हात धरलं की हिरवट चमकणारं. त्याने ते बाबांच्या हातात दिलं.

मास्तरकाका उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असतं तसं काहीतरी होतं. म्हणाले, "सांग रे. तेच आहे ना?"

बाबांनी झाकण नाकाशी धरलं. डोळे मिटले. मी डब्याचं झाकण हातात गच्च धरून बसले. मला माहीत होतं, त्यांना काही येणार नाही. पाण्याचा आणि तेलाचा फरकही कळणार नाही. त्यांनी श्वास आत ओढला, परत ओढला. मग डोळे उघडून झाकण काकांपुढे केलं. "मास्तर, आज तू सांग."

काका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग झाकण घेतलं, वास घेतला आणि वर्गात कविता म्हणावी तसे हळू, स्पष्ट म्हणाले, "वरवर घासलेट. त्याच्याखाली नवी चामड्याची चप्पल. आणि अगदी तळाला जरा भाजलेली मेथी." थांबले. "गंधक नाही."

बाबांचा चेहरा उजळला, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. इतक्या वर्षांचं काहीतरी त्यांच्या खांद्यावरून उतरलेलं मला दिसलं. "मग तेच," ते म्हणाले, आणि सतरंजीवर बसून त्यांनी दोनदा मागून उंधियू घेतलं. चव तरी किती लागत होती कोण जाणे. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर चढून त्यांनी उरलेल्या सगळ्यांना सांगितलं, "तेल आहे. मास्तरने वास घेतलाय." उरलेलं उंधियू तिथे वाटून टाकलं. त्यानंतरचं उत्तरायण त्यांनी पाहिलं नाही. झोपेतच गेले.

तर परवाची सभा. पडद्यावर साहेब आता जरा थकलेले दिसतात, आवाज तेवढाच गोड. दुसऱ्या विहिरीच्या परवानगीबद्दल सांगत होते. "बस," म्हणाले, आणि काका आणि मी एकदम म्हणालो, "त्रण महिना." आमचा माईक बंद होता. मग साहेब पहिल्या विहिरीच्या तेलाची वाखाणणी करू लागले, किती हलकं, किती स्वच्छ. काका कचोरी मोडता मोडता थांबले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "त्या दिवशी मला काही कळलं नव्हतं. नुसता घासलेटाचा वास. चप्पल नाही, मेथी नाही. आपलं ते नाक नाही."

मी म्हटलं, "काका, बाबांना तर कसलाच वास येत नव्हता. आजारपणापासून. कोणाला सांगू नकोस म्हणाले होते मला."

"हो," काका म्हणाले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो म्हणाला ना, आज तू सांग. जन्मात त्याने वासाचं कोणाला विचारलं नव्हतं. हातात झाकण आलं तेव्हाच कळलं." ते पात्र्याची वडी उचलून बघत राहिले. "त्याचे शब्द मला पाठ होते. गच्चीवर ऐकले तेव्हापासून. दुसरं काय देणार होतो मी त्याला, अर्ज?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात पडद्यावर कोणाला प्रश्न आहेत का विचारलं गेलं. काकांनी बोटाने दाखवलं, मी माईक चालू केला, आणि त्यांनी ताठ बसून अस्खलित इंग्रजीत विचारलं, की विहीर बघायला भागधारकांना केव्हा नेणार. "सर," साहेब म्हणाले, "युवर पॉइंट इज नोटेड." काकांनी मान डोलावली.

त्या विहिरीचं तेल खरंच मेथीसारखं होतं की नाही, हे मला माहीत नाही, आणि आता सांगू शकेल असं कोणी उरलेलं नाही. बाबा मात्र आपला शब्द खरा ठरला असं समजून गेले. त्यांना ते समजू देणारा माणूस माझ्यासमोर बसून पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या बशीत ठेवत होता. "घे," म्हणाला, "तुझा डिव्हिडंड."